अव्वा मेढ्याला येतेय

सांगली, मंगळवार

प्रिय संयोगिता,

फोनवर सांगायला गेलो की माझी वाक्यं अर्धीच राहतात, म्हणून लिहितोय. आधीची दोन पानं फाडली. लग्नाची तारीख निघायच्या आत तुला एक गोष्ट कळायला हवी. ती कळल्यावर तू नाही म्हणालीस तरी मी तुला दोष देणार नाही.

पेठेत सध्या हळदीची आवक जोरात आहे. दिवसभर पोत्यांवर नावं घालतो, पण चित्त थाऱ्यावर नाही. मागच्या रविवारी गावी, जतकडं, गेलो होतो. आमच्या गावची कन्नड शाळा बंद करून मुलं मराठी शाळेत घालायची, असं जिल्हा परिषदेचं पत्र आलंय. पट अकराचा. मी त्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलो. हे तुला कधी सांगितलं नाही. मराठी मी नंतर शिकलो, दहावी अर्ध्यात सोडेपर्यंत. आमच्या घरात कन्नडच बोलतात, चार पिढ्या. गाव महाराष्ट्रात, सातबारा मराठीत, जेवताना बोलणं कन्नडात. त्यात आम्हाला कधी काही वेगळं वाटलं नाही.

शाळा राहावी म्हणून अर्ज करायचा ठरला. सरपंच अर्जुनामामा म्हणाले, "अर्ज मराठीतच द्यावा लागतोय. तुझं अक्षर चांगलं हाय, तू लिव्ह." मागून शेजारची तानुबाई ओरडली, "त्यो कशाला लिवतोय? साताऱ्याचा जावई झालाय न्हवं त्यो!" सगळे हसले, मीही हसलो. अर्ज लिहिला. अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या भाषेत मिळायची सोय घटनेत सांगितली आहे, तेही शाळेच्या गुरुजींना विचारून घातलं. चाळीस सह्या झाल्या. माझी राहिली. पेन उचललं आणि तुझे बाबा आठवले.

सुपारी फुटली त्या दिवशी ते सांगत होते, तरुणपणी बेळगावात मराठी शाळेसाठी लाठी खाल्ली. मनगटावरचा वण दाखवून म्हणाले, "पोरानं पयलं अक्षर आईच्या भाषेत गिरवावं, बास!" मी मान डोलावली. अव्वा, म्हणजे माझी आई, शेजारीच बसली होती. तुम्हाला मी सांगितलं होतं ना, तिला ऐकू येत नाही म्हणून?

तिला सगळं ऐकू येतं. मराठी बोलता येत नाही, एवढंच. तिच्या तोंडचं कन्नड ऐकून तुम्ही मागं फिराल या भीतीनं मीच तिला गप्प बसवलं. चार तास ती भिंतीकडं बघत बसली. परतताना एसटीत तिनं एवढंच विचारलं, सून घरात आल्यावरही असंच बसायचं का? सोमवारी मी सही करून अर्ज देणार आहे. त्याआधी रविवारी अव्वाला घेऊन मेढ्याला, तुमच्या घरी येतोय. ती तुझ्याशी आणि बाबांशी बोलणार आहे, मी मराठीत सांगणार आहे, एकही शब्द न गाळता. येऊ नको म्हणायचं असेल तर शनिवारपर्यंत फोन कर. नाही आला, तर आम्ही पहाटेच्या पहिल्या एसटीत असू.

अजून तरी तुझाच,
अवधूत