तिसऱ्या फेरीतला हात

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर

प्रिय इंद्रजीत,

‘ताई, आबांना तो व्हिडिओ दाखवू नकोस’ हा तुझा निरोप मिळाला. उशीर झाला रे बाबा. आबांनी तो बघितला, आणि एकदाच नाही. तू तिकडं सिकंदराबादला बसून हुकूम सोडतोस, पण इथं गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर तूच नाचतोयस. फोनवर तू ‘हो ताई, ठेवतो ताई’ करून निसटतोस, म्हणून हे पत्र. आता निसटून दाखव.

जगबीर मलिक बॉक्सिंगमध्ये हेवीवेटचा जगज्जेता झाला तेव्हा मला वाटलं, आपण आपले गप्प टाळ्या वाजवू, कुणाला काय कळतंय! पण त्यानं मुलाखतीत सांगून टाकलं की, हौशी गटात असताना संभाजीनगरच्या फायनलमध्ये मी हरल्यातच जमा होतो. झालं, लोकांनी ती लढत शोधून काढली. निळ्या कोपऱ्यात कोण, तर आपलं ध्यान! काय अंग होतं रे तुझं. आईच्या भाकऱ्यांचं सार्थक झालं होतं.

मी त्या दिवशी गारखेड्याच्या संकुलात तुझ्या कोपऱ्यामागंच बसले होते, तरी परवा नव्यानं बघितल्यासारखं बघितलं. पहिल्या फेरीत त्यानं तुला चांगलंच झोडपलं, खोटं कशाला बोलू. दुसरीत तू बरोबरीला आलास. आणि तिसरीत तुझा तो उजवा ठोसा! जगबीर आडवा. सगळं संकुल उभं राहिलं, मी तर खुर्चीवरच चढले होते. समोरचा पडला की आपण लांबच्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं आणि तू गेल्याशिवाय रेफरी आकडे मोजत नाही, हा नियम तुला पाठ होता. पण आबांच्या तालमीत लहानपणापासून दुसराच नियम अंगात मुरलेला: पाडलेल्याला पाडणाऱ्यानंच उठवायचं. तू वाकलास आणि त्याला हात दिलास. रेफरी तुला ढकलतोय, तुझे बॉक्सिंगचे सर कोपऱ्यातून शिव्या घालतायत, आणि तू आपला ग्लोव्हज घातलेला हात पुढं करून उभा. तेवढ्यात जगबीर सावरला. तुला ताकीद मिळाली, गुण गेला, आणि पाचातल्या तीन पंचांनी त्याला विजयी केलं.

घरी येताना रिक्षात तू मला शपथ घातलीस, हे आबांना कळता कामा नये. त्यांच्या शिकवणीनं आपला पोरगा हरला, हे त्यांना सोसायचं नाही म्हणून. घरी सांगितलंस, ‘पॉइंट कमी पडले.’ आबा ‘बरं’ म्हणाले आणि आपल्या सगळ्यांना नान-खलिया खायला घेऊन गेले. तू जेवला नाहीस. त्यानंतर रेल्वेची नोकरी धरलीस आणि ग्लोव्हज माळ्यावर टाकलेस. सणाला येतोस तो पाहुण्यासारखा, आणि तालमीचा विषय निघाला की तुला बाहेर काम निघतं.

तर परवा शेजारच्या द्वारकाबाई मोबाइल नाचवत आल्या. मी अडवायच्या आत आबांनी चष्मा लावला होता. तू पडलेल्याला हात देतोस तिथं आले, तसे म्हणाले, “थांबीव. पुन्ना लाव.” पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच थांबले. आईनं मात्र तुझ्या नाकातलं रक्त बघून जगबीरला अशा काही शिव्या दिल्या की जगज्जेतेपद त्याला नको झालं असतं. मग उठून मोबाइलवरूनच तुझी दृष्ट काढली.

आता आबांचं काय सांगू तुला! इस्त्रीचा सदरा घालून चौकात जातात. कुणी बघितलं नसेल त्याला धरून दाखवतात, बघितलं असेल त्यालाही दाखवतात. एका चॅनलवाल्यानं विचारलं, तुमच्या मुलावर अन्याय झाला ना? आबा उखडलेच. “अन्याव कशाचा? नियम मोडला, गुण गेला. जगबीर लई चांगला खेळला. पर माझ्या पोरानं काय केलं ते दिसलं का तुमाला?” लोक खाली काहीबाही लिहितात, कुणी तुला वेडा म्हणतं, कुणी साधू. वाचू नकोस. मला अभिमान वाटतो तुझा, इंद्रजीत. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, पण तू तोंड असं केलं होतंस की कुणाची हिंमत!

आता हे पत्र खरं कशासाठी, ते सांगते. काल चहा पिताना मी धीर करून आबांना म्हणाले, तुम्हाला लागेल म्हणून त्यानं तुमच्यापासून लपवलं, त्याच्यावर रागवू नका. आबा बशी खाली ठेवून म्हणाले, “मला तवाच कळलं व्हतं. सरांनी संकुलातनंच फोन केला व्हता.” मी विचारलं, मग बोलला का नाहीत इतकी वर्षं? तर म्हणाले, “बोललो असतो तर त्यानं माफी मागितली असती. आन् माफी मागावी असं काय केलं व्हतं त्यानं?” त्यांना वाटलं, तू हरल्याचं दुःख विसरलास की आपणहून सांगशील. तू त्यांना जपत लांब राहिलास आणि ते तुझी वाट बघत बसले. दोघंही एकाच माळेचे मणी! रविवारी तालमीत ती लढत पडद्यावर लावायची आहे, पण तुझ्याशिवाय लावणार नाही म्हणतात. तू नाही आलास तर ते स्वतः सिकंदराबादची गाडी पकडणार आहेत, पिशवी भरलीय. हे लिहिताना शेजारीच बसलेत आणि मला कोपरानं ढोसतायत. म्हणतात, “लिही त्याला, म्हणावं, जगबीरच्या बापालाबी आज माझ्याएवढा आनंद झाला नसंल.”

सप्रेम जय भीम.

तुझीच,
रूपाताई