बेटावरचा शुक्रवार

शुक्रवार, १३ डिसेंबर १९९६

समुद्रकाठच्या फुजैऱ्याला गेलो. माझा रूममेट हारुन ऐकेचना. "सुजातावहिनींना जाऊन दोन महिने झाले. दर शुक्रवारी भिंतीकडे तोंड करून पडतोस. ऊठ, यल्ला, चल!" जुम्म्याची नमाज त्याने तिथल्याच मशिदीत पढली, मी गाडीत बिर्याणी राखत बसलो. मग होडीने समोरच्या बेटावर. बेट कसलं — खडक! एक चक्कर मारली की संपलं. थंड वारा. हारुन आणि त्याचे दोन मित्र हाफपँटवर, मी इस्त्रीच्या पँटीत आणि ऑफिसच्या बुटांत. हारुन म्हणाला, "मुरलीशेठ, ऑडिटला आलात काय?" हसलो. बरं वाटत होतं, खरंच!

ऊन कलायला लागलं तसा मी उठलो. "चला, चला! फोन लावायचाय. उशीर झाला तर ती जेवायची थांबेल." भराभर चटई गुंडाळली, होडीवाल्याला हाक मारली. मित्र पाण्यात होते, त्यांनाही बाहेर काढलं. सगळे गुपचूप होडीत बसले.

निम्म्या पाण्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं — कुणाला फोन?

शुक्रवारी इथून इंडियाला फोनचा रेट कमी. इतकी वर्षं त्या दिवशी फोन केला, आता डोकं आपलं आपणच नंबर फिरवतं. चार माणसांची पिकनिक बुडवली. शाबास!

शनिवार, १४

हारुनला सॉरी म्हटलं. "ते खलास रे. पण तिकडे पोरगी आहे ना? तिला केलास का फोन?"

नाही केला. शर्वरी पंधरा वर्षांची, सांगलीला मामाकडे. तिच्या बातम्या मला सुजाता सांगायची. तेराव्यानंतर निघताना मी पोरीला काय म्हणालो? "अभ्यास कर." आई गेलेल्या मुलीला! हेड ऑफिसला बेधडक फोन करणारा माणूस मी, स्वतःच्या मुलीपुढे ततपप.

सोमवार, १६

बूथपर्यंत गेलो. रांग नव्हती. परत आलो.

शुक्रवार, २०

लावला. तिनेच उचलला. "जेवलीस?" विचारलं आणि माझं बोलणं संपलं. शेवटी तीच म्हणाली, "हारुनकाका अजून झोपेत भांडतात का हो?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. आई रिसिव्हर आम्हा दोघींच्या मधे धरायची ना, बाबा. दर शुक्रवारी."

खोलीवर आलो. बादलीत मोजे भिजत घातले होते, ते धुतले.