अंधारात उरलेला आवाज

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

चिनी भाषेच्या वर्गात आम्ही सगळे पाढे म्हटल्यासारखे एका सुरात बोलतो. एकट्याला उठवलं की दातखीळ बसते. गावभर लोकांची सालटी काढणारा मी, तिथे मात्र त्या सुरात लपून बसतो. उद्या नसरीन मॅडम एकेकाला बोलायला लावणार. नाही जमलं तर पुन्हा पहिल्या धड्यात.

आज मध्येच लाइट गेली. मॅडम म्हणाल्या, "अंधारात कोण बघून राहिलंय तुम्हाला? आपापली ओळख चिनीत सांगा, हं."

सूर लागला, मग एकेक आवाज गळत गेला. शेवटी एकच उरला. बारीक, सावकाश, कुठेही न अडणारा. कोणाचा? शेजारचे बालाजीराव पुटपुटले, "लई भारी हो!"

"कोण हाय हे?" असं त्यांना विचारायला तोंड उघडू गेलो, तर ते आधीच उघडं होतं.

लाइट आली. सगळे माझ्याकडे बघत होते.

त्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तर मी तो ओळखला नाही.

घरी बायकोने विचारलं, "आज मुके झालात का?" नुसती मान हलवली. तोंड उघडलं तर कोणता आवाज निघेल, कुणास ठाऊक.

उद्या मॅडम उजेडात विचारणार. उजेडात तो येईल का?