मंत्रयुद्ध पाहणारे

सोमवार, ३
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! काम ऐकून धाकटी बहीण जळून खाक झाली. तिच्या लाडक्या मालिकेतला मंत्रयुद्धाचा भाग शनिवारी लागणार. काही निवडक चाहत्यांना तो आधीच पाठवलाय. बघताना त्यांनी आपल्या चेहऱ्याचा व्हिडिओ मोबाईलवर टिपून पाठवायचा आणि मी त्यातले रडके, किंचाळणारे चेहरे जाहिरातीसाठी वेचायचे. रडायचे पैसे मिळत असते तर आमची धाकटी एव्हाना बंगल्यात राहत असती. मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. माझ्या वरिष्ठ बाईंनी स्वतः चहा आणून दिला.

मंगळवार, ४
चेटकीण आपल्याच प्रियकरावर, राजपुत्रावर, शेवटचा मंत्र सोडते आणि तो लढायचं सोडून हात खाली घेतो. इथे सगळेच रडतात. एक शाळामास्तर तर उशी कवटाळून ओरडले, त्याला नको, मला मार! हसून हसून माझी पुरेवाट झाली. मग एका नर्सचा व्हिडिओ लावला. तीही तेच ओरडली. आणि ओरडल्याबरोबर दोघांचंही रडणं थांबलं. पुढे शेवटपर्यंत पापणीसुद्धा हलली नाही. बाई म्हणाल्या, भारावलेत गं, घे ते.

गुरुवार, ६
चेहरे वापरायची परवानगी घ्यायला फोन केले. मास्तरांच्या बायकोने उचलला. तो भाग बघितल्यापासून ते उशी धरून तसेच बसलेत, डॉक्टरांना काही कळत नाही, म्हणाली. नर्सच्या भावानेही तेच सांगितलं. जे नुसते रडले ते ठणठणीत आहेत. जे तसं ओरडले ते —
भाग थांबवा म्हणून मी बाईंच्या हातापाया पडले. त्या म्हणाल्या, नवीन आहेस, घरी जा, आराम कर.

शुक्रवार, ७
धाकटीला सांगितलं, उद्या बघू नकोस. ती हसली. मी ओरडले, ती रुसली. राजपुत्रासाठी जीव देईन, असं ती येता-जाता म्हणते. मला भीती वाटतेय. घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

शनिवार, ८
टीव्हीची वायरच उपटली. धाकटी मोबाईलवर बघतेय. हिसकावायला गेले — मूठ सुटत नाही तिची.

शेजारी बसून लिहितेय. पडद्याकडे बघायचं नाही म्हणून —

संगीत थांबलं. म्हणजे त्याने हात खाली घेतला. हिच्या डोळ्यांत पाणी. तोंड दाबलं — कडकडून चावली.

ओठ उघडतायत. तिच्या आधी मलाच म्हणायला हवं. मोठ्याने.

तिला नको, मला मा