अठरा व्होल्टचं शहाणपण

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी पाठ आता दुखत नसेल असं समजतो. आई ठणठणीत आहे. बाबाही (हे तू विचारलेलं नाहीस, तरी सांगून ठेवतो). मीही बरा आहे, उजवी भुवई तेवढी अर्धी जळालीये. त्याचीच ही हकिकत. आधी बसून घे, आणि एवढं लक्षात ठेव की तुझा लाल डबा जिवंत आहे.

त्याचं असं झालं, येत्या रविवारी बाबा कारखान्यातून निवृत्त होतायत. कॅन्टीनमध्ये समारंभ आहे. तुमच्या बँडमधल्या ढमढम्याने (तोच तो, ड्रमवाला) गळ घातली की ताई नाही तर ताईचा भाऊ तरी उभा राहू दे. मला गिटारचे चार सूर येतात, त्यातला एक खात्रीचा. पण रागारागात तू जुनी गिटार आणि तिचा आवाज खरखरीत करणारा, पायाने दाबायचा तो लाल डबा इथेच टाकून गेलीस, मग भ्यायचं कशाला? घेतला पायाखाली. (हात लावू नकोस असं बजावलं होतंस. पायाचं काही बोलली नव्हतीस.)

काय सांगू ताई! आतली नऊ व्होल्टची बॅटरी मरायला टेकलेली, पण आवाज अगदी तुझा! घोगरा, ऊबदार, हळूच विरत जाणारा. चारही सूर चुकले तरी कुणाला पत्ता लागत नव्हता. तिथेच थांबायला हवं होतं. पण माझा जन्म चाललाय चष्म्याच्या दुकानात, आणि आमच्याकडे नीट दिसेना की नंबर वाढवतात. नवी बॅटरी घातली, तर आवाज कडक इस्त्री केल्यासारखा. म्हटलं, नंबर अजून वाढवू. लावला अठरा व्होल्टचा अडॅप्टर! आवाज इतका मोकळा आणि स्वच्छ झाला की माझी एकेक चूक सुटी सुटी ऐकू यायला लागली. आई धावत आली, कोण पडलं म्हणून. मी मागचं झाकण उघडून आत डोकावलो, तेवढ्यात फट्! धूर, जळका वास आणि भुवई.

रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी जळालेला कपॅसिटर बदलला आणि माझी बिनपाण्याने केली. म्हणाले, दहा व्होल्ट सोसणाऱ्या जिवावर अठरा लादतोस, तुझ्या डोळ्यांवर दुप्पट नंबर चढवू का? हा डबा म्हणे अर्धपोटीच गोड वाजतो, पोट भरलं की ताठतो. म्हणून तू त्यांच्याकडून अर्धवट संपलेल्या बॅटऱ्या मागून न्यायचीस. (हे मला कधी सांगितलं नाहीस. भुवई वाचली असती.) असो. डबा धडधाकट आहे, रविवारी मी वाजवतोय, काळजी नसावी.

तुझा (कालपासून) आज्ञाधारक भाऊ

ता. क. : काळजी असावी. मला जमणार नाही. खात्रीचा सूरही गेला. तू ये.

ता. क. २ : तू नोकरी सोडून गिटार धरलीस तेव्हा बाबा तिला कटकट म्हणाले, वर्षभर तुमचा अबोला आहे, सगळं मान्य. पण ती मरायला टेकलेली बॅटरी तुझी नव्हे गं. तिच्यावर कागदाची पट्टी आहे आणि पट्टीवर गेल्या महिन्याची तारीख. (बल्ब असो की नळाचा वॉशर, बसवल्याची तारीख घालणारा माणूस या घरात एकच.) त्यांच्या खणात अशा तारखांच्या आणखी चार संपलेल्या बॅटऱ्या निघाल्या. अ‍ॅम्प्लिफायरवर वाचायचा चष्माही सापडला. तो मीच बनवलाय, त्यामुळे बाबांना कानावर हात ठेवायची सोय नाही. आई म्हणते, मी दुकानात गेलो की दार लावून बसतात, एकच तार छेडतात आणि ती विरेपर्यंत ऐकत राहतात.

ता. क. ३ : वाजवून झालं की डब्यातली वायर काढायची असते, नाहीतर बॅटरी आतल्या आत संपत राहते. चाळीस वर्षं यंत्रं सांभाळलेल्या माणसाला एवढं ठाऊक नाही. मी सांगणार नाही. रविवारी येऊन तूच सांग.