दोडक्याच्या वेलावरचा आळ

जळगाव जामोद,
रविवार, दुकान बंद ठेवून

तीर्थस्वरूप सिंधूताईंना,

उत्तमरावाचा वाकून नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, ते कितपत खरं हे पुढे वाचून तुम्हीच ठरवा. तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावणं चालू आहे की बाटली नुसती खिडकीत उभी आहे? तुम्ही माझ्या बायकोच्या, मंजूच्या, मोठ्या बहीण, म्हणजे आमच्या आकडसासू, आणि आकडसासूपुढे असल्या विषयावर तोंड उघडू नये एवढं मला कळतं. फोनवर तर उघडताच येत नाही, कारण तुमचा मुलगा कुशल फोन आला की स्पीकरवर टाकतो आणि सगळं मेहकर 'बोला मावसाजी' म्हणत गोळा होतं. म्हणून हे पत्र. चष्मा लावून एकटीनं वाचावं.

आता मूळ गोष्ट. (मूळ गोष्ट नेमकी कोणती याबद्दल माझाच गोंधळ आहे, पण कुठून तरी सुरुवात करतो.) माझ्या कृषी केंद्रात बियाणं, खत, फवारणीची औषधं मिळतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. हल्ली आमच्या भागात एक खूळ निघालं आहे. बायकांच्या पाळणा लांबवायच्या गोळ्या (माफ करा, पण दुसऱ्या शब्दात कसं लिहू?) मेडिकलमधून आणायच्या, पाण्यात विरघळवायच्या आणि वेलाच्या बुडाशी ओतायच्या. म्हणे फुलगळ थांबते, फळ धरतं. आमचा पुंजाजी, जुनं गिऱ्हाईक, त्यानं भर गर्दीत विचारलं, "साहेब, कारल्याच्या एका वाफ्याले किती गोळ्या टाकू?" मी म्हटलं, अरे बाबा, जी गोळी पोर होऊ देत नाही ती तुझ्या वेलाला फळ कशी देईल? तो विचारात पडला आणि खरं सांगायचं तर मीही पडलो. पण दुकानदारानं विचारात पडलेलं दिसू नये, म्हणून मी बाहेर पाटीच लावली की माणसाचं औषध पिकाला आणि पिकाचं माणसाला देऊ नये. त्या पाटीनं माझं नाव झालं. शाळेतल्या मास्तरांनी फोटो काढून नेला.

आणि मग एका सकाळी काडेपेटी शोधताना आमच्याच स्वयंपाकघरात, मसुरीच्या डब्यात, त्याच गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट मला सापडलं. मी चुलीसमोर उभा राहून हिशोब मांडला. मंजूचं ऑपरेशन आमच्या गजेंद्रच्या बाळंतपणातच झालेलं. (तुम्हीच तेव्हा डिंकाचे लाडू घेऊन आला होतात आणि अर्धे मी खाल्ले म्हणून रागावला होतात.) म्हणजे तिला या गोळीचं काही कारण नाही. सून काजल, तिला सातवा महिना, तिलाही कारण नाही. मी आणि गजेंद्र पुरुष. मग घरात उरलं कोण? परसातला दोडक्याचा वेल! यंदा तो भिंतीवरून पलीकडे गेला, गल्लीतल्या प्रत्येक घरी मंजूनं दोडके वाटले, आणि मी येड्यासारखा माझ्या शेणखताचं कौतुक करत होतो. माझ्या पाटीच्या नाकावर टिच्चून माझ्याच घरात हा उद्योग!

मी पाकीट मंजूपुढे धरलं आणि म्हटलं, वेलाला घालतेस ना? तिनं आधी तवा उतरवला. मग म्हणाली, "हाव, वेलालेच." ताई, त्या वेळी मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! गुन्हेगार पहिल्याच प्रश्नाला कबूल झाला. मी पाकीट दुकानात नेऊन विषारी औषधांच्या कपाटात कुलूपबंद केलं. ती मागून काहीतरी म्हणाली, पण मी जिंकलेल्या माणसासारखा चालत होतो, त्यामुळे ऐकलं नाही.

दुकानात बसून पाकिटातलं पत्रक भिंगाखाली वाचलं. कुठल्याही औषधाचं लेबल पुरतं वाचल्याशिवाय मी ते विकत नाही, ही माझी सवय. त्यात मळमळ लिहिली होती, डोकेदुखी होती, छाती जड होणं होतं. पोटरी सुजून दुखली, दम लागला तर ताबडतोब डॉक्टर गाठा, गुठळी असू शकते, असंही होतं. पस्तिशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्यांना धोका म्हणून लिहिलं होतं, तर मी त्याच दिवशी बिडी सोडली. (मी गोळी घेत नाही हे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं.) फक्त फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडावं हे कुठेच नव्हतं. म्हणून मी गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं की आमचे दोडके खाऊ नका, त्यात बायकांच्या गोळ्या आहेत. बायका तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मला वाटलं, घाबरल्या. शेजारच्या गोजरबाईनं मात्र माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी खाल्लं आहे.

पुढे काय झालं ते वाचा. दोन-तीन दिवसांनी मंजू परसात धुणं वाळत घालताना वेलाशेजारी मटकन खाली बसली. लुगडं भिजलेलं. ओठ पांढरेफटक. मला वाटलं गोळ्या टाकलेल्या मातीची बाधा झाली, आणि मी तिचे हात धुऊ लागलो! तेवढ्यात काजल पोट सावरत धावत आली आणि सासऱ्याशी कधी वर मान करून न बोलणारी ही पोर ओरडली, "मामाजी, आत्याबाईच्या गोळ्या कुठं लपवल्या तुमी?"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला स्टुलावर बसवून शिकवलं. मंजूला कित्येक महिन्यांपासून पाळीत अतोनात रक्त जात होतं, या वयात पुष्कळ बायकांचं असं होतं म्हणे. अंगातलं रक्त निम्म्यावर आलेलं. ही गोळी पाळणा थांबवते, तशी रक्तस्राव ताब्यात आणायलाही देतात. सगळ्यांना ती चालत नाही, म्हणून आधी बीपी वगैरे तपासूनच बाईंनी दिली होती. आणि ती मधेच अशी एकदम बंद केली की रक्त पुन्हा सुरू होतं. बंद कोणी केली? असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कृषी केंद्रानं.

ताई, माझा गोंधळ इथे आहे. मी मंजूला विचारलं, तू वेलाचं का कबूल केलंस? ती म्हणाली, "तुमच्या तोंडून वेल निघाला, मले तेच सोपं वाटलं." म्हणजे इतक्या वर्षांच्या संसारात मला स्वतःच्या रक्ताचं सांगण्यापेक्षा वेलाचा आळ अंगावर घेणं तिला सोपं वाटलं. शेतकरी पिशवीत एक पान घालून आणतो, त्यावरचा पिवळेपणा बघून मी लोहाची कमतरता सांगतो. घरात बाई पिवळी पडत होती आणि मी तिला चहात साखर कमी पडली म्हणून बोलत होतो. मला फार वाईट वाटतं हो. सुनेला माहीत, गोजरबाईला माहीत, सगळ्या गल्लीला माहीत, फक्त मला नाही. हा विषय नवऱ्याला कळू द्यायचा नाही असं तुम्हा बायकांचं कुठे ठरलेलं असतं? की आम्हीच कधी विचारत नाही? मला खरोखर कळत नाही.

आता ती घरी आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्या दुसऱ्याही पुन्हा चालू आहेत. मुलांना आशीर्वाद, भाऊसाहेबांना नमस्कार सांगावा.

आपला,
उत्तमराव

ता. क. : दोडके खायला हरकत नाही असं मी पुन्हा घरोघर जाऊन सांगून आलो. कोणी दार उघडलं नाही.

ता. क. दुसरा : खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं, वर धीर झाला नाही. तुम्ही मंजूला फोनवर सांगितलंत की या गोळ्यांनी अंगात उष्णता होते, त्यापेक्षा माझ्यासारखी गर्भाची पिशवी काढून टाक. तेव्हापासून तिचा जीव गोळीवरून उडाला आहे, परवा तिनं ती उष्ट्या ताटाखाली ठेवलेली मी पाहिली. डॉक्टरीणबाई म्हणतात सध्या पिशवी काढायची गरज नाही, आधी रक्त भरून येऊ दे. ताई, ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. तुमच्या अनुभवापुढे मी कोण? पण एवढा एक फोन उलटा करा. पाया पडतो.

ता. क. तिसरा, मंजूच्या हातचा : सिंधूताई, पत्राचं पाकीट चिकटवाले मले देलं, म्हणून वाचलं. गोळी त्या दिवशी ताटाखाली ठेवली व्हती, खरं हाय. आता घेऊन राह्यली. जेवण झालं की हे पाणी घेऊन समोर उभे राह्यतात, अन् ते पत्रक काढून एकेक विचारतात, मळमळते का, पोटरी दुखते का, डोकं दुखते का. लग्न झाल्यापासून मले कोनं एवढं इचारलं नव्हतं. तू फोन करशील तर कर, पण गोळीनं मले बरं वाटते हे त्याइले इतक्यात सांगू नको.

अन् ते वेलाचं. पयल्या गोळ्यांनी मले उलट्या व्हत होत्या म्हणून डॉक्टरीणबाईनं त्या बदलून देल्या. उरलेल्या वाया काऊन घालवाव्या? म्या खरंच वेलाले टाकल्या. दोडके लय लागले. पण गोजरबाईच्या वेलालेही तेवढेच लागले, अन् तिनं तर नुसती राख टाकली व्हती. हे पाटीवाल्याले सांगू नको.