पोचपावतीवरची सही

मच्छे,
१९ ऑगस्ट २०२४

चि. परशरामास,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. तुला, पूर्णिमाला आणि आपल्या तेजस्वीला.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आईचा गुडघा आता बरा आहे. निपाणीहून कुणी आलं की आधी मिश्री आणली का विचारायची आणि मग तुझी चौकशी करायची. हल्ली हा क्रम उलटा झालाय, असं तुझ्या मंगलवहिनीचं म्हणणं आहे.

तेजस्वीची दहावी ना यंदा? अभ्यासाला बसते का, की तुझ्यावर गेलीय?

आता कामाचं. निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी मी केलेल्या दरखास्तीत वॉरंट निघालंय. इथल्या कोर्टाने कागद निपाणीच्या कोर्टाकडे पाठवलेत. थोड्याच दिवसांत बेलीफ तुझ्या दारात येईल आणि आप्पांच्या हातचे, तू निपाणीला नेलेले अकरा लाकडी पॅटर्न मागेल. तो नोकरीचा माणूस, त्याच्यावर ओरडू नकोस. चहा पाज आणि हे पत्र दाखव. का, ते सांगतो.

वेगळं होताना कोर्टात जायचं नाही, लवाद नेमायचा, हे कागदावर घ्यायला तूच लावलंस. त्या निवृत्त न्यायाधीश बाईंनी चार महिने दोघांचं ऐकून घेतलं. शेवटच्या बैठकीत त्या म्हणाल्या, लेथ धाकट्याला, फाउंड्री आणि पॅटर्न थोरल्याला. तू तिथूनच उठून गेलास. लेखी निवाडा पोस्टाने येईल, हे त्या तुझ्या पाठीला म्हणाल्या.

तो आला. फेब्रुवारीत, दोघांच्या नावाची दोन पाकिटं. करारावर दोघांचाही पत्ता मच्छ्याचाच होता. पोस्टमन म्हणाला, "ज्योतिबाअण्णा, दोन हाईत, दोन्हीवर सही मारा." मी मारली. आप्पा गेले तेव्हा तू सहावीत होतास. तुझ्या प्रगतिपुस्तकावर, आयटीआयच्या फॉर्मवर, पालकाच्या रकान्यात सगळीकडे मीच. हात आपोआप चालला.

सही सवयीने झाली रे. पण पाकीट कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं ते सवयीने नाही.

निवाड्याची सहीची प्रत ज्याच्या हातात पडते, त्याला तो रद्द करून मागायला तीन महिने मिळतात. तेवढ्यात तो कोर्टात गेला नाही, तर निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखा चालतो. शरद वकिलांनी हे समजावलं तेव्हा मी एवढंच विचारलं, परशरामला प्रत मिळाली असं धरायचं का? ते म्हणाले, "पोच हाय न्हवं? मग मिळाली." सही कुणाची ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. कोर्टात न्यायाधीशांनी पोचपावती उलटीसुलटी करून बघितली. प्रत मिळाली का, असं कन्नडमध्ये विचारलं. वकील हो म्हणाले. मी पंख्याकडे बघत उभा होतो.

वॉरंट निघालं त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आलो. गेल्या आठवड्यात मंगल कपाट आवरायला बसली आणि पाकीट हातात घेऊन बाहेर आली. "हे परशरामभावजींचं न्हवं का? मग पोचंवर सही कुणाची?" मी म्हणालो, घरचीच. "तुमची सही वळखाय मला कोर्ट लागत न्हाय," म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.

पॅटर्न मला हवेत, हे लपवत नाही. रेतीत त्यांचाच ठसा घ्यायचा आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं. ते नाहीत तर पंपाचे भाग कशावर ओतू? जुने पंपवाले दिवाळीपर्यंतच थांबणार आहेत. मग भट्टी बंद, आणि आप्पांच्या वेळची सात माणसं घरी.

तुला ते का हवेत हेही मला ठाऊक आहे. आप्पा सागवान तासायचे आणि तू मांडीला मांडी लावून पॉलिश पेपर घासायचास. मी भट्टीवर असायचो, माझ्या वाट्याला आप्पा तेवढे कधी आलेच नाहीत. बाईंसमोर तू यातलं काही बोलला नाहीस. ते मला सांगता आलं असतं. मीही गप्प बसलो आणि त्याची मला लाज वाटते.

काल शरद वकिलांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अण्णा, हे मे म्हैन्यात सांगायचं की हो." आता दोन्ही सह्या माझ्या, असं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि वॉरंट परत घ्यायला विनंती करायची. न्यायाधीश माझी कानउघाडणी करतील, ती ऐकून घेईन. मात्र भांडण सोडलंय असं समजू नकोस. तुझे तीन महिने संपले की, तोवर दिवाळी होऊन गेली तरी, दरखास्त पुन्हा करीन. वकील म्हणतात, कोर्ट लवादाचा निवाडा सहसा मोडत नाही. तरी विचारायचा हक्क तुझा होता आणि तो मी साड्यांखाली दडवला. चुकलो, परशराम.

हे पत्र साध्या पोस्टाने पुढे पाठवतोय. तुझं पाकीट, न फोडलेलं, दोन दिवसांनी रजिस्टरने येईल. ते पूर्णिमाला घेऊ देऊ नकोस, तेजस्वीलाही नाही. सही तुझी तू कर, खाली तारीख घाल. त्या तारखेपासून तुझे दिवस मोजायचे.

पोच माझ्याकडे परत येईल. आई म्हणते, फोन येत न्हाय तर न्हाय, त्या कागदावर त्याचं अक्षर तरी बघू. तुझं अक्षर बघून मलाही दोन वर्षं झाली.

तुझ्या नावापुढे पुन्हा सही न करणारा,
तुझा अण्णा,
ज्योतिबा